यूएक्स परिषदेला जाताना: तिकिटापासून व्यासपीठापर्यंत

वेबसाइट आणि ॲप यांच्या यूएक्स (यूझर एक्सपिरियन्स, म्हणजे वापरणाऱ्याचा अनुभव) डिझाइनमध्ये दोन-चार वर्षे काम केल्यावर एखाद्या परिषदेला जावे असे बहुतेकांना वाटू लागते. घडते ते साधारणपणे असे, की जाहिरात दिसते, सवलतीची मुदत संपत आलेली असते, घाईघाईने तिकीट काढले जाते आणि आपण इथे नेमके कशासाठी आलो आहोत हा विचार पहिल्या दिवशी चहाच्या रांगेत सुचतो. दोन दिवस बरे जातात, लिंक्डइनवर छायाचित्र चढते आणि सोमवारी काम होते तसेच सुरू होते. आपण तिथे काय घेऊन जातो आणि परतल्यावर पहिल्या आठवड्यात काय करतो यावर परिषदेचा उपयोग ठरतो, असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणून या लेखात प्रत्यक्ष परिषदेपेक्षा तिच्या आधीच्या आणि नंतरच्या कामाला अधिक जागा दिली आहे.

पहिली पायरी: प्रश्न ठरवणे

कोणत्याही परिषदेचे संकेतस्थळ उघडण्यापूर्वी गेल्या सहा महिन्यांतील आपले काम समोर घ्यावे आणि ज्या ठिकाणी आपण अडलो, किंवा वेळ नसल्यामुळे अंदाजाने निर्णय घेतला, अशा जागा कागदावर उतरवाव्यात. ‘मला यूएक्समध्ये पुढे जायचे आहे’ हे वाक्य या कागदावर नको, कारण त्यावरून कोणती परिषद निवडायची हे ठरत नाही. ‘कर्जाच्या अर्जात कागदपत्रे जोडण्याच्या पानावर लोक सोडून जातात, आणि ते का जातात हे आकडेवारीवरून कळत नाही’ हा प्रश्न मात्र आपल्याला यूझर रिसर्चच्या, म्हणजे वापरकर्त्यांच्या अभ्यासाच्या, कार्यशाळेकडे घेऊन जातो. ‘आमच्या डिझाइन सिस्टिममधील घटक डेव्हलपर वापरतच नाहीत’ हा प्रश्न असेल (डिझाइन सिस्टिम म्हणजे बटणे, रकाने अशा तयार घटकांचा सामाईक संच), तर डिझाइन परिषदेइतकाच फ्रंट-एंड, म्हणजे पडद्यावर दिसणारा भाग घडवणाऱ्या, डेव्हलपरांच्या संमेलनाचाही विचार करावा लागतो. ‘मला लोकांची टीम सांभाळायची आहे की शेवटपर्यंत हाताने डिझाइन करत राहायचे आहे’ हा प्रश्न तर भाषणांतून सुटतच नाही. त्यासाठी दहा-पंधरा वर्षे या क्षेत्रात काढलेल्या दोन-तीन माणसांशी निवांत बोलावे लागते, आणि ती माणसे जिथे येतात तिथे जावे लागते.

असे तीनच प्रश्न ठेवावेत. त्यांपैकी एक आपल्या सध्याच्या प्रकल्पाचा, एक कौशल्याचा आणि एक कारकिर्दीचा असावा. तीनही प्रश्न एकाच परिषदेत सुटतील असे नाही, परंतु एकाही प्रश्नाशी ज्या कार्यक्रमपत्रिकेचा संबंध लागत नाही, ती परिषद कितीही गाजलेली असली तरी त्या वर्षी सोडून द्यावी.

दुसरी पायरी: परिषदेची जात ओळखणे

यूएक्सच्या नावाखाली होणाऱ्या परिषदा एकाच प्रकारच्या नसतात, आणि निराश होऊन परतणारी बरीच माणसे चुकीच्या प्रकारच्या परिषदेला गेलेली असतात.

शोधनिबंधांच्या परिषदा हा पहिला प्रकार. मानव आणि संगणक यांच्यातील संवादाचा अभ्यास करणारी ‘सीएचआय’ ही परिषद १९८२ पासून भरते. तिच्यासाठीचे निबंध साधारण सप्टेंबरमध्ये सादर करावे लागतात आणि परिषद पुढच्या वर्षीच्या वसंतात होते. भारतात या विषयाची ‘इंडिया एचसीआय’ ही परिषदमाला आहे. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये ‘इंटरॅक्ट’ ही आंतरराष्ट्रीय परिषद मुंबईत आयआयटीमध्ये भरली होती. अशा ठिकाणी भाषणे लहान आणि दाट असतात, पद्धतीबद्दलचे प्रश्न कडक असतात, आणि पुढच्या आठवड्यात स्क्रीनवर काय बदलावे हे कोणी सांगत नाही. रिसर्चची पद्धत पक्की करायची असेल, किंवा उच्च शिक्षणाचा विचार असेल, तर इथे जावे. विद्यार्थ्यांनी हे लक्षात ठेवावे की सीएचआयसारख्या परिषदांत विद्यार्थी स्वयंसेवकांना ठरावीक तास काम करण्याच्या बदल्यात नोंदणी शुल्क माफ होते आणि त्यासाठीचा अर्ज बराच आधी करावा लागतो.

दुसरा प्रकार कामकरी डिझायनरांच्या परिषदांचा. २००५ पासून चालत आलेली ‘यूएक्स इंडिया’ आणि २०१६ मध्ये बेंगळुरूत सुरू झालेली ‘डिझाइनअप’ ही आपल्याकडची ठळक नावे आहेत. इथे प्रकल्पांच्या कथा ऐकायला मिळतात, कार्यशाळा असतात आणि नोकरी देणारी माणसेही भेटतात. कथा सांगणारा बहुधा यशाची बाजू सांगतो, हे मात्र गृहीत धरून ऐकावे.

तिसरा प्रकार एखाद्या साधनाभोवतीच्या परिषदांचा, आणि त्यात फिग्मा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरची ‘कॉन्फिग’ प्रमुख आहे. ती २०२० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झाली आणि तिची भाषणे घरबसल्या फुकट पाहता येतात, त्यामुळे केवळ भाषणांसाठी तिकडे जाण्याचा खर्च भारतातील डिझायनरला सहसा परवडण्याजोगा ठरत नाही. त्यापेक्षा एखाद्या शनिवारी चार सहकाऱ्यांना घरी बोलावून निवडक भाषणे एकत्र पाहावीत आणि प्रत्येक भाषणानंतर आपल्या कामाला त्यातले काय लागू पडते यावर वाद घालावा.

वेबवर काम करणाऱ्यांनी ‘वर्डकॅम्प’कडे, म्हणजे वेबसाइट बनवण्याच्या वर्डप्रेस या प्रणालीभोवती भरणाऱ्या संमेलनांकडेही दुर्लक्ष करू नये. पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूर अशा शहरांत ही संमेलने झाली आहेत, आणि आशिया पातळीवरच्या वर्डकॅम्पसाठी २०२६ साली मुंबईची निवड झाली. तिकीट मुद्दाम कमी ठेवलेले असते. त्याहून महत्त्वाचा तो योगदान दिवस, ज्या दिवशी डिझाइन, ॲक्सेसिबिलिटी (अपंगांसह सर्वांना वापरता येणे), भाषांतर अशा गटांत बसून प्रत्यक्ष काम करता येते. नवख्या डिझायनरला अनुभवी माणसाच्या शेजारी बसून काम करण्याची संधी मोठ्या परिषदेत कोणी देत नाही. इथे ती सहज मिळते.

अक्षरांचा ओढा असणाऱ्यांसाठी ‘टायपोग्राफी डे’ आहे. तो २००८ मध्ये सुरू झाला आणि २०१४ मध्ये पुण्यात सिम्बायोसिसच्या डिझाइन संस्थेत भरला होता. ॲक्सेसिबिलिटीसाठी ‘ॲक्स-कॉन’ ही पूर्णपणे ऑनलाइन आणि विनामूल्य परिषद आहे. नोव्हेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी येणारा जागतिक युजेबिलिटी (वापरसुलभता) दिन आणि मे महिन्याच्या तिसऱ्या गुरुवारी येणारा जागतिक ॲक्सेसिबिलिटी जागरूकता दिन या दोन निमित्तांनी अनेक शहरांत छोटे कार्यक्रम होतात, ज्यांना फारसा खर्च येत नाही.

एक सावधगिरी. या क्षेत्रातील संस्था कायम टिकतात असे समजू नये. वेब डिझायनरांमध्ये २००५ पासून मान मिळवलेली ‘ॲन इव्हेंट अपार्ट’ ही परिषद २०२२ मध्ये थांबली, आणि जगभर शाखा असलेल्या इंटरॅक्शन डिझाइन असोसिएशनने २०२४ मध्ये आपला कारभार गुंडाळण्याचे जाहीर केले. म्हणून जुन्या यादीवरून प्रवासाचे आरक्षण करू नये. यंदाची तारीख, यंदाचे वक्ते आणि पैसे परत मिळण्याच्या अटी संकेतस्थळावर वाचल्याशिवाय पैसे भरू नयेत.

तिसरी पायरी: खर्चाचा हिशेब आणि मंजुरी

तिकिटाची किंमत हा खर्चाचा एक भाग झाला. भारतातील परिषदेच्या शुल्कावर साधारणतः १८ टक्के जीएसटी लागतो. त्यात प्रवास, दोन किंवा तीन रात्रींचा मुक्काम, कार्यशाळेचे वेगळे शुल्क आणि बुडालेल्या कामाच्या दिवसांची किंमत मिळवावी. स्वतंत्र काम करणाऱ्यांनी हा शेवटचा आकडा प्रामाणिकपणे लिहावा, कारण त्यांच्यासाठी तोच बहुधा सर्वांत मोठा असतो. त्यांची जीएसटी नोंदणी असेल तर तिकीट काढतानाच आपला क्रमांक बिलावर येईल असे पाहावे; बिल नंतर बदलून घेणे हे मोठे कटकटीचे काम आहे.

नोकरी करणाऱ्यांना कंपनीकडून खर्च मंजूर करून घेता येतो, परंतु ‘शिकायला मिळेल’ एवढ्या कारणावर तो सहसा मिळत नाही. पत्र इंग्रजीत जाणार असले तरी त्याचा सांगाडा पुढीलप्रमाणे असावा:

‘आपल्या अर्जप्रक्रियेत कागदपत्रे जोडण्याच्या टप्प्यावर गळती होत आहे आणि या तिमाहीत ती कमी करण्याचे काम माझ्याकडे आहे. अमुक परिषदेत याच विषयावर एक दिवसाची कार्यशाळा आणि दोन भाषणे आहेत. एकूण खर्च इतका आहे आणि त्याची फोड सोबत जोडली आहे. परतल्यावर दहा दिवसांत मी टीमसाठी एक तासाचे सत्र घेईन आणि आपल्या अर्जाच्या चाचणीचा आराखडा सादर करीन. माझ्या अनुपस्थितीत चालू कामाची जबाबदारी अमुक सहकारी घेणार आहेत आणि त्यांच्याशी माझे बोलणे झाले आहे.’

शेवटचे वाक्य बरेच जण विसरतात, आणि व्यवस्थापकाच्या मनात सर्वांत आधी तोच प्रश्न असतो. पूर्ण खर्च नामंजूर झाला तर तिकीट कंपनीचे आणि प्रवास आपला अशी विभागणी सुचवावी, किंवा निदान ते दिवस रजेत धरू नयेत अशी विनंती करावी.

परदेशी परिषदेचा विचार असेल तर व्हिसाचे गणित आधी मांडावे. अमेरिकेत परिषदेला जाण्यासाठी बी-१ हा व्हिसा लागतो आणि मुलाखतीची तारीख मिळायला बराच काळ लागू शकतो, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी ती तारीख पाहावी. शेंगेन देशांसाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि तो निदान १५ दिवस आधी झालाच पाहिजे. प्रौढांसाठी शुल्क २०२४ च्या जूनपासून ९० युरो आहे. दोन्ही ठिकाणी आयोजकांकडून निमंत्रणपत्र मागवावे आणि व्हिसा नाकारला गेल्यास शुल्क परत मिळते का, हे त्यांच्याकडून लेखी घ्यावे. कारकिर्दीच्या पहिल्या पाच वर्षांत परदेशी परिषदेवर स्वतःच्या खिशातून दोन-तीन लाख घालवू नयेत, असे मी सांगेन. त्या पैशांत भारतातील अनेक परिषदा होतात आणि भेटलेली माणसे पुन्हा भेटण्याच्या अंतरावर राहतात.

चौथी पायरी: जाण्यापूर्वीचे दोन आठवडे

कार्यक्रमपत्रिका हाती आली की भाषणांपेक्षा आधी कार्यशाळा ठरवाव्यात, कारण त्यांच्या जागा मोजक्या असतात. भाषण पुढे चित्रफितीच्या रूपात पाहता येते. कार्यशाळेत आपल्या हातून होणारी चूक आणि ती दुरुस्त करणारा माणूस पुढे मिळत नाही. समांतर सत्रांत निवड करताना वक्त्याच्या पदापेक्षा त्याने पूर्वी काय लिहिले किंवा केले आहे ते पाहावे. ज्या भाषणाच्या सारांशात एकही ठोस प्रकल्प, पद्धत किंवा अडचण नाही, फक्त ‘भविष्य’, ‘क्रांती’ आणि ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ आहे, त्या वेळात चहा प्यावा.

त्यानंतर भेटायच्या माणसांची यादी करावी, आणि ती लहान असावी. प्रत्येकाला आधी चार ओळींचा संदेश पाठवावा: आपण कोण, त्यांच्या कामातील कोणती गोष्ट आपल्याला उपयोगी पडली, कोणता एक प्रश्न विचारायचा आहे आणि त्याला किती वेळ लागेल. ‘तुमचा सल्ला हवा आहे’ असा मोघम संदेश वाचणाऱ्यावरच विचार करण्याचे ओझे टाकतो. प्रश्न नेमका असेल तर ओळखपाळख नसलेली मोठी माणसेही दहा मिनिटे देतात.

स्वतःचे एक काम दाखवण्याच्या तयारीने जावे. पूर्ण पोर्टफोलिओ कोणी उभ्या-उभ्या पाहत नाही. फोनमध्ये, इंटरनेटशिवाय उघडेल अशा स्वरूपात, एकाच प्रकल्पाची पाच-सहा चित्रे ठेवावीत: आधीचा स्क्रीन, वापरणाऱ्याची अडचण, टाकून दिलेला एक पर्याय, निवडलेला पर्याय आणि परिणाम. टाकून दिलेला पर्याय अवश्य ठेवावा, कारण अनुभवी माणूस त्यावरच बोलायला लागतो. कंपनीशी गोपनीयतेचा करार असेल तर अप्रकाशित स्क्रीन, ग्राहकांची नावे आणि आकडे दाखवू नयेत. सार्वजनिक झालेले कामच न्यावे किंवा समस्येचे स्वरूप ठेवून तपशील बदलावेत. समोर बसलेला माणूस प्रतिस्पर्धी कंपनीचा असू शकतो.

पाचवी पायरी: परिषदेचे दिवस

पडद्यावरील प्रत्येक स्लाइडचे छायाचित्र काढत बसू नये. स्लाइड नंतर मिळतात. वहीचे पान दोन भागांत विभागून डावीकडे वक्ता काय म्हणाला ते आणि उजवीकडे आपल्या प्रकल्पात त्याचे काय होईल ते लिहावे. उजवी बाजू सलग वीस मिनिटे कोरी राहिली तर सत्र सोडून उठण्यात काही गैर नाही. मागच्या दाराजवळ बसण्याचा हाच फायदा.

प्रश्न विचारणे ही शिकण्याची बाब आहे, आणि आपल्याकडे ती सहसा शिकवली जात नाही. समजा, वक्त्याने सांगितले की पाच वापरकर्त्यांची चाचणी घेतली की पुरते. हे मत या क्षेत्रात रुजले ते युजेबिलिटीचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांच्या २००० सालच्या लेखामुळे, आणि त्यामागे असा हिशेब आहे की एक वापरकर्ता सरासरी ३१ टक्के अडचणी उघड करतो, म्हणून पाच जणांत सुमारे ८५ टक्के सापडतात. आता ‘पाच पुरतात का हो?’ असे विचारले तर उत्तर ‘हो’ येईल आणि विषय संपेल. त्याऐवजी असे विचारता येईल: ‘आमचा अर्ज शहरातील विद्यार्थीही भरतात आणि गावातील सेतू केंद्रावरचे चालकही भरतात. दोघांची सवय इतकी वेगळी असताना आपण पाच जण एकूण घ्याल की प्रत्येक गटातून?’ हा प्रश्न वक्त्याला त्याच्या ठरलेल्या मांडणीबाहेर आणतो. पाचाचा हिशेब एकसारख्या वापरकर्त्यांसाठी आणि अडचणी शोधण्यापुरता आहे, काम पूर्ण होण्याची टक्केवारी मोजायची असेल तर माणसे कितीतरी जास्त लागतात, हे मग सगळ्या सभागृहाला ऐकायला मिळते. प्रश्न विचारताना परिस्थिती एका वाक्यात आणि प्रश्न एका वाक्यात, एवढेच. स्वतःचे पाच मिनिटांचे भाषण करून शेवटी ‘आपले मत काय?’ विचारणारे गृहस्थ प्रत्येक परिषदेत असतात. त्यांची संख्या वाढवू नये.

इंग्रजीचा संकोच हा विषय इथेच काढायला हवा, कारण जिल्ह्याच्या ठिकाणाहून आलेली अनेक हुशार मुले केवळ त्यापायी दोन दिवस गप्प बसतात. प्रश्न आधी वहीत लिहून वाचून दाखवला तरी कोणी हसत नाही, आणि भाषण संपल्यावर वक्त्याला गाठून हिंदीत किंवा मराठीत विचारता आले तर तसे जरूर विचारावे. या व्यवसायात व्याकरणापेक्षा निरीक्षणाला किंमत आहे.

जेवणाच्या वेळी एकाच कंपनीचे आठ जण एकाच टेबलाभोवती बसून ऑफिसचेच बोलत असल्याचे दृश्य सर्वत्र दिसते. कंपनीतून गट गेला असेल तर आपसात ठरवून निरनिराळ्या टेबलांवर बसावे आणि रात्री एकत्र येऊन कोणाला काय सापडले ते सांगावे. अनोळखी माणसाशी सुरुवात करताना पद विचारण्यापेक्षा ‘सध्या कोणत्या गोष्टीवर अडला आहात?’ असे विचारले की संभाषण लवकर खरे होते. ज्यांना गर्दीचा त्रास होतो त्यांनी स्वयंसेवक व्हावे. नोंदणीच्या टेबलावर बसलेल्या माणसाकडे लोक आपण होऊन येतात आणि वक्त्यांची ने-आण करणाऱ्याला त्यांच्याशी निवांत बोलण्याची संधी कामाच्या ओघातच मिळते.

सहावी पायरी: परतल्यानंतरचा आठवडा

परतीच्या प्रवासातच टिपणे नीट लिहून काढावीत, कारण चार दिवसांनी स्वतःचेच संक्षेप वाचता येत नाहीत. भेटलेल्या माणसांना दोन दिवसांत संदेश पाठवावा आणि त्यात संभाषणातील एखादा नेमका धागा असावा. त्यांनी सुचवलेली गोष्ट आपण करून पाहिली तर तीन आठवड्यांनी तेही कळवावे. व्यावसायिक ओळख टिकते ती बहुधा या दुसऱ्या संदेशामुळे.

त्यानंतर ऐकलेल्या गोष्टींतील एकच निवडून ती आपल्या संकेतस्थळावर लावून पाहावी. उदाहरणार्थ, ॲक्सेसिबिलिटीवरील सत्रात आपण २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी २.२ या वेब ॲक्सेसिबिलिटीच्या मार्गदर्शक तत्त्वांबद्दल ऐकले असेल. त्यांच्या ‘डबल ए’ या मधल्या स्तरानुसार, काही अपवाद सोडता, दाबण्याची जागा किमान २४ बाय २४ सीएसएस पिक्सेल (वेबपानावरील मोजमापाचे एकक) असावी लागते, आणि साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट किमान ४.५ ला १ असावा लागतो. आपल्या संकेतस्थळाची पाच महत्त्वाची पाने घ्यावीत, प्रत्येक बटण आणि आयकॉन मोजावा, फिकट करड्या अक्षरांचा कॉन्ट्रास्ट तपासावा आणि सापडलेल्या त्रुटी डेव्हलपरांच्या यादीत क्रमवार टाकाव्यात. हे एका दुपारचे काम आहे. टीमसमोरच्या सत्रात परिषदेचे वर्णन करण्यापेक्षा हीच पाच पाने दाखवावीत. पुढच्या वर्षीची मंजुरी तिथेच अर्धी मिळालेली असते.

ॲक्सेसिबिलिटीचे उदाहरण मी मुद्दाम घेतले. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सेवा वापरता येणे हे संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग मानले, आणि त्याच वर्षी जुलैअखेर सेबीने आपल्या अखत्यारीतील वित्तसंस्थांना डिजिटल ॲक्सेसिबिलिटीबाबत परिपत्रक काढले. मुंबईतील ब्रोकर आणि म्युच्युअल फंड कंपन्यांना हे काम जाणणारी माणसे लागणार आहेत. कोणते कौशल्य वाढवावे असा प्रश्न पडलेल्या वेब डिझायनरने या दिशेचा गांभीर्याने विचार करावा.

सातवी पायरी: श्रोत्याचा वक्ता होणे

काही परिषदा ऐकल्यावर बोलायची तयारी सुरू करावी. परिषदेत वक्ता म्हणून गेलेल्या माणसाला ओळख काढत फिरावे लागत नाही, आणि आपले काम दुसऱ्याला समजेल असे मांडताना त्यातील कच्चे दुवे आपल्यालाच दिसतात. मोठे नाव नसताना आपला प्रस्ताव का निवडावा, याचे उत्तर विषयात असते: इतरांकडे नसलेला अनुभव आपल्याकडे हवा. मराठी वापरकर्त्यांसाठी काम करणाऱ्याकडे तो असतो, पण त्याला त्याची किंमत माहीत नसते.

काही जागा दाखवतो. देवनागरी मजकुराला लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमध्ये जादा अंतर, दिले की शिरोरेघ तुटते. ओळीची उंची इंग्रजीच्या मापाने ठेवली की वरची वेलांटी आणि रफार, किंवा खालचा उकार, बटणाच्या कडेला कापला जातो. नावाच्या रकान्याला अक्षरमर्यादा घातली तर ‘ज्ञानेश्वर’ हे नाव वाचणाऱ्याला चार अक्षरांचे दिसते, परंतु युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक अक्षरे साठवतो त्या संकेतपद्धतीत, ते दहा संकेतांचे असते. मर्यादा मोजणारा प्रोग्राम आणि फॉर्म भरणारा माणूस दोन वेगळ्या गोष्टी मोजत असतात. ‘वाऱ्यावर’ या शब्दातील ऱ्या दोन निरनिराळ्या प्रकारे साठवला जाऊ शकतो, म्हणून डोळ्यांना हुबेहूब दिसणारा शब्द शोधात सापडत नाही. यांपैकी कोणतीही एक अडचण, तिने खऱ्या वापरकर्त्याला कसे अडवले आणि आपण ती कशी सोडवली, एवढे सांगितले तरी वीस मिनिटांचे उत्तम भाषण होते. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात तयार झालेला ‘स्वरचक्र’ हा कळफलक याच मातीतला आहे. आपल्या बाराखडीचा क्रम आणि जोडाक्षरांची रचना गृहीत धरून तो बेतलेला आहे.

प्रस्ताव लिहिताना सारांशाचे पहिलेच वाक्य अडचणीचे असावे. ‘भारतीय भाषांमधील यूएक्सचे महत्त्व’ हे शीर्षक निवड समितीने शेकडो वेळा वाचलेले असते. ‘शिष्यवृत्तीच्या अर्जात मराठी नावे का नाकारली जात होती’ हे शीर्षक वाचून ती पुढे वाचते. त्यानंतर आपण काय पाहिले, काय केले, काय फसले आणि श्रोत्याला दुसऱ्या दिवशी काय करता येईल, हे दोनशे शब्दांत बसवावे. प्रस्ताव नाकारला गेला तर कारण विचारणारा नम्र संदेश पाठवावा आणि तोच विषय शहरातील छोट्या संमेलनात पाच मिनिटांत मांडून पाहावा. पहिले भाषण तसेही छोट्या खोलीतच व्हावे. तिथे घसा कोरडा पडला तरी समोर ओळखीचे चेहरे असतात.

ज्या वापरकर्त्यांच्या चित्रफिती किंवा उद्गार दाखवणार आहोत, त्यांची परवानगी चाचणीच्या वेळीच घेतलेली असावी आणि ती परिषदेत दाखवण्यापुरती स्पष्ट असावी. स्लाइडवरचा मजकूर शेवटच्या रांगेतून वाचता येतो का, हे प्रत्यक्ष शेवटच्या रांगेत जाऊन पाहावे. ॲक्सेसिबिलिटीवर बोलणाऱ्या माणसाच्या स्लाइडवर करड्यावर करडी अक्षरे असणे फारच वाईट दिसते, आणि तरी प्रत्यक्षात तसे पाहायला मिळते.

आठवी पायरी: दोन परिषदांच्या मधले महिने

प्रमाणपत्रांबद्दल वारंवार विचारले जाते, म्हणून थोडक्यात. जेकब नील्सन आणि डॉन नॉर्मन यांनी १९९८ मध्ये स्थापन केलेल्या नील्सन नॉर्मन ग्रुप या यूएक्स सल्लागार संस्थेचे प्रमाणपत्र पाच अभ्यासक्रम आणि त्यांच्या परीक्षा पूर्ण केल्यावर मिळते. ते नावाजलेले आहे पण महाग आहे, त्यामुळे खर्च कंपनी उचलत असेल तरच करावे. ॲक्सेसिबिलिटीत काम करायचे असेल तर ॲक्सेसिबिलिटी व्यावसायिकांच्या आयएएपी या आंतरराष्ट्रीय संघटनेची सीपीएसीसी ही परीक्षा अधिक कामाची आहे, कारण त्या क्षेत्रातील निविदांत आणि नोकरीच्या जाहिरातींत तिला वजन असते. बाकी बहुतेक ऑनलाइन प्रमाणपत्रांकडे मुलाखत घेणारा ढुंकूनही पाहत नाही. तो एखादा प्रकल्प उघडायला सांगतो आणि प्रत्येक निर्णयाचे कारण विचारतो.

वेबवर काम करणाऱ्या डिझायनरने डेव्हलपरांच्या बैठकांनाही अधूनमधून जावे. पानावरील सर्वांत मोठा घटक अडीच सेकंदांत दिसावा, दाबल्यावरचा प्रतिसाद २०० मिलिसेकंदांत यावा आणि मजकूर उड्या मारू नये, या गूगलच्या कसोट्या डिझाइनच्याही आहेत. मुखपृष्ठावर अवजड चित्र डिझायनर ठेवतो आणि दोष सर्व्हरला दिला जातो.

आपल्या शहरात असे काहीच होत नसेल तर आपणच सुरू करावे, आणि ते कार्यक्रम म्हणून करू नये. महाविद्यालयातील एखादी वर्गखोली किंवा कोणाचे ऑफिस सुटीच्या दिवशी मिळते. आठ-दहा माणसे पुरतात. प्रत्येक वेळी दोघांनी आपले अपूर्ण काम पडद्यावर लावावे, प्रत्येकाला चाळीस मिनिटे द्यावीत, त्यातली पहिली दहा सांगण्यासाठी आणि उरलेली ऐकून घेण्यासाठी. ज्याचे काम समोर आहे त्याने त्या तीस मिनिटांत समर्थन करायचे नाही, फक्त लिहून घ्यायचे. हा एक नियम पाळला तर बैठक टिकते. प्रमुख पाहुणे, दीपप्रज्वलन आणि शाल-श्रीफळ यांना कटाक्षाने फाटा द्यावा, नाहीतर पहिला तास त्यातच जातो आणि दुसऱ्या बैठकीला आयोजकच येत नाहीत. पुढची तारीख आणि पुढचे दोन सादरकर्ते मात्र लोक खुर्च्यांवरून उठण्यापूर्वीच नक्की करून घ्यावेत.